उकंड्यावरून उचललेलं नाव

नांदेडात जन्मनोंदणीच्या खिडकीत बसून मला आता बरीच वर्षं झाली, आणि बाळांच्या नावांचा मला मनापासून वीट आला आहे. बाप मोबाईल पुढे करतो. त्यात यादी असते, नावापुढे अर्थ असतो. पहाटेचं दव. देवीचं रूप. चंद्राची सावली. चंद्राला कसली आलीय सावली, असं विचारायची सोय नाही. मालिका चालू असते तोवर तिच्यातल्या नायिकेच्या नावाच्या मुली येत राहतात, मालिका संपली की त्या नावाचा पुरवठा बंद. आणि प्रत्येक बाप खिडकीत वाकून हळू आवाजात सांगतो, मॅडम, एकदम युनिक हाय. त्या आठवड्यातली ती चौथी युनिक असते.

मग त्यांची नजर माझ्या टेबलावरच्या पाटीवर जाते. पाटीवर लिहिलंय, उकंडा. बायका पदर नाकाशी नेतात. खरंच नेतात, मी थट्टा करत नाही. एकीने विचारलं, "हे आडनाव हाय का?" मी म्हटलं, नाव आहे. "आन अर्थ?" अर्थ तिला माहीत होता, म्हणून तर पदर नाकाशी गेला होता. एकदा मीही त्यांच्यासारखं मोबाईलवर माझं नाव टाकून पाहिलं. उत्तर आलं की अर्थ सापडला नाही, लोकप्रियता नाही, शुभ रंग गुलाबी. उकिरड्यात गुलाबी काय असतं ते मला ठाऊक आहे. शेणातल्या अळ्या.

कारण उकंडा म्हणजे उकिरडाच. निलंग्याकडच्या आमच्या गावात घरामागे जिथं शेण, राख, केर, उष्टं, सगळं जायचं, तो उकंडा. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत तिचं नवं लेकरू पाचव्या दिवशी सुपात घालून तिथं ठेवायचे. आईने म्हणायचं, नको मला हे, आणि पाठ फिरवायची. लेकरू दुसऱ्या कुणीतरी उचलेपर्यंत मागे बघायचं नाही. मग उचलणाऱ्या बाईकडून आईनेच ते पसाभर ज्वारी देऊन विकत घ्यायचं. त्या रात्री सटवाई कपाळावर लिहायला येते, तेव्हा तिला वाटावं की हे कुणाच्या तरी केरातलं आहे, ह्याच्या वाटेला कोण जाणार. देवीला इतकं सहज फसवता येतं यावर सगळ्या गावाचा विश्वास होता. माझ्या आधी आईची तीन लेकरं महिन्याच्या आत गेली होती. मला निलंग्याहून बांगड्या विकायला येणाऱ्या खालाने, म्हणजे गावाने मानलेल्या मावशीने, उचललं.

माझ्या लहानपणी गावात या नावाच्या दोन म्हाताऱ्या आणि एक म्हातारा होता. धोंडाबाई होत्या, केराबाई होत्या. हे नाव लोकप्रियच होतं म्हणायचं, फक्त कुणाला आवडत नव्हतं. मी जन्मले भूकंपाच्या आदल्या वर्षी. भूकंपात आमची मागची भिंत बसली, आम्ही वाचलो, आणि गाव कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. तिथं बाहेरचे डॉक्टर आले, पुढे दवाखाना आला, टीव्ही आला, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलींची नावं एकदम गुळगुळीत झाली. माझ्या वर्गात मी एकटीच कचरा उरले. पोरं माझ्या बाकाजवळून जाताना थुंकायची. मास्तर हजेरी घेताना माझ्या नावाशी जरा थांबायचे आणि मग हसू दाबून पुढे जायचे. ते दाबलेलं हसू मला थुंकीहून जास्त घाण वाटायचं.

दहावीला मला लातूरला क्लासला ठेवलं. तेव्हा सगळा मराठवाडा पोरं उचलून लातुरात आणून टाकत होता. एका खोलीत आम्ही आठ मुली. मेसच्या डाळीत झुरळ सापडलं की ते बाजूला काढून डाळ संपवायची, कारण पुढच्या तासाला उशीर व्हायचा. पाणी दिवसाआड, संडास एक. भिंतीवर मात्र रंगीत अक्षरांत लिहिलेलं, इथे डॉक्टर घडतात. त्या संडासासमोर रांगेत उभं राहून मी ते रोज वाचलं. घडले नाही.

पण दहावीला मी क्लासमध्ये पहिली आले. क्लासच्या सरांनी बोलावून पेढा दिला आणि म्हणाले, "अकरावी-बारावीची फी माफ. फ्लेक्सवर तुझा फोटो मधोमध. फक्त हे नाव फ्लेक्सवर चालत नाही. पालक बघून परत जातील." कागद त्यांनी आधीच तयार ठेवला होता, नाव बदलायचं प्रतिज्ञापत्र. आईवडिलांच्या सह्या सोमवारपर्यंत पाहिजेत. नवं नाव काय, तेही त्यांनीच सुचवलं. पहाटेचं दव की काहीतरी. मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की सर मलाच म्हणाले, घरी विचारून घे.

सह्या व्हायच्या आधीच फ्लेक्स लागला. बस स्टँडच्या समोर, दोन मजले उंच. माझा फोटो इतका पांढरा केला होता की मीच क्षणभर ओळखला नाही.

दोन दिवसांनी आई आली. वडील तिच्यासोबत आले नव्हते. ते म्हणाले होते, तिनं हो म्हटलं तर माझी सही आहेच. आईला वाचता येत नव्हतं, पण शाळेच्या फॉर्मवर सही करता यावी म्हणून ती तीन अक्षरं शिकली होती. स्वतःच्या नावाची नव्हे, माझ्या नावाची; सही म्हणून तीच काढायची. मी स्टँडवर पोचले तेव्हा ती फ्लेक्सखाली उभी होती. डोक्यावर लाडवांचं गाठोडं, अंगाला बसचा आणि घामाचा वास. मैत्रिणी बरोबर होत्या. मी आईपासून जरा अंतर ठेवून उभी राहिले. ते अंतर आठवलं की आजही माझी मला शिसारी येते.

"फोटू तुझाच हाय," ती म्हणाली. "खाली तुझं नाव न्हाई."

मी कागद दाखवला. सही कर म्हटलं.

"न्हाई करनार."

"का?"

"बदलू ने ते. जगलीस तेच्यावर."

मी खोलीवर आल्यावर नको ते बोलले. म्हटलं, "तूच मला घाणीत टाकलंस. आता मी त्या घाणीतून निघायले तर तुझं काय जातंय?" आई गाठोड्याची गाठ सोडत होती. ती सोडून झाली, लाडू बाहेर काढून झाले. मग म्हणाली, "गावाला चल. एकदा बस उकंड्यावर. मंग करते सही."

मला वाटलं ती चिडून बोलते आहे. ती चिडलेली नव्हती.

शनिवारी दुपारी आम्ही गावात पोचलो. खाला आधीच येऊन बसली होती. आईने निरोप पाठवून तिला बोलावलं होतं. गुडघे गेले होते तिचे, बांगड्यांचा धंदा सुटला होता. आई आत ज्वारी घ्यायला गेली. क्लासमधल्या सत्कारासाठी घेतलेला पंजाबी ड्रेस माझ्या अंगावर होता. मी खालाला म्हटलं, हा काय मूर्खपणा आहे, मी सोळा वर्षांची होत आले.

"बेटा, त्या येळी बरोबर झालं नव्हतं," खाला म्हणाली. "हिनं मागं बघितलं."

मला कळलं नाही.

"तुला ठिवलं आन पाठ फिरवायची होती. मी येईपर्यंत. मला उशीर झाला, वड्याला पानी होतं. येऊन बघते तर ही तुझ्याकडं तोंड करून उभी. डुकरं फिरायली होती, त्यांला दगडं मारायली. पाच दिवसांची बाळंतीन, पायावरून रगत जायलंय आन दगडं मारायली. मी म्हनलं, असं नसतंय, लेकरू टाकलं म्हंजे टाकलं. भूकंप झाला तवा माझ्याकडं पळत आली, म्हनली, मी मागं बघितलं म्हून झालं. मी किती समजावलं. तेवढं एक नाव बरोबर ठिवलं होतं, तेच धरून बसली."

आई ज्वारीचं सूप घेऊन बाहेर आली. तिने मला घरामागे नेलं. उकंडा होता तिथंच होता. वरचा थर वाळलेला, पाय ठेवला की आतून गरम आणि ओला. माशा उठल्या. कुजलेल्या कांद्याचा आणि शेणाचा वास थेट घशात गेला. मी बसले. ड्रेसमधून ओल आत आली. आई समोर उभी राहून म्हणाली, "नको मला हे," आणि तिने पाठ फिरवली.

खालाने मुद्दामच वेळ लावला असावा. की गुडघ्यांमुळे लागला, माहीत नाही. ती वळण घेऊन, वाटसरूसारखी, काठी टेकत येत होती. मी तळहातावरची अळी झटकली आणि आईच्या पाठीकडे बघत राहिले. तिचे खांदे हलत होते. पदराचं टोक तिने दातात धरलं असणार, कारण आवाज येत नव्हता. गल्लीतलं एक डुकर हुंगत हुंगत आलं, माझ्यापासून दोन हातांवर थांबलं. मी मोठी होते, मला त्याची भीती नव्हती. पण मी हाक मारली, "आये." आई वळली नाही. मी पुन्हा हाक मारली. तिने हातातलं सूप इतकं घट्ट धरलं की त्याची काडी मोडल्याचं मला ऐकू आलं, पण ती वळली नाही. या वेळी तिने सगळं बरोबर केलं.

खालाने मला हाताला धरून उठवलं. आईने खाली बघतच ज्वारी तिच्या ओटीत ओतली. मग लुगड्याला हात पुसले आणि म्हणाली, "आन तो कागद. कुठं करायची सही, बोट दाव."

कागद माझ्या पिशवीत होता. पिशवी पाच पावलांवर, ओट्याच्या कडेला.

"लातूरला राहिला," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बरं," आणि तेव्हा कुठे तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.