आमचा गडी कायम झाला

सर्व लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, हुतूतूचा संघ मैदानावर हरत नाही. तो पावसाळ्यात हरतो. मैदानात गुडघाभर गवत माजलेलं असतं, गडी आपापल्या गावी पेरणीला गेलेले असतात, आणि चार शहाणी माणसं खुर्च्यांवर बसून पुढच्या साली कुणाला ठेवायचं नि कुणाला घालवायचं ते ठरवत असतात. संघाचा जीव जातो तो त्या खोलीत. पुढे माघात मैदानावर जे होतं ते नुसतं उत्तरकार्य. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कृपया पुढे वाचू नये. ज्यांना पटतं त्यांनी डोळे पुसायला काहीतरी जवळ ठेवावं.

लढाई नुकतीच संपली होती आणि साखर अजून रेशनवर होती. मी बेलापूरच्या पलीकडे, उसाच्या रानातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होतो. उसाच्या गाड्या तोलायच्या आणि पावत्या फाडायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. खरं काम हुतूतू बघण्याचं. खेळण्याचं नव्हे. आयुष्यात एकदाच मी चढाईला गेलो आणि मधली रेघ ओलांडताक्षणी शिंकलो. दम सुटला, बाद झालो, आणि तेव्हापासून मी हा खेळ बाहेर बसून सुधारत आलो आहे.

माझ्यासारखे सुधारक कारखान्यात बरेच होते. आमचे मुख्य म्हणजे कारखान्याच्या शाळेचे मास्तर. आवाज असा की वर्गात ते पाढे म्हणायला लागले की फाटकाबाहेरचे बैल कान टवकारत. आमची सभा भरायची फाटकासमोरच्या हॉटेलात. आम्ही पोत्यांनी साखर बनवायचो आणि चहा प्यायचो गुळाचा. पण दुःखाला तोच चहा बरा.

आणि त्या पावसाळ्यात दुःखाला तोटा नव्हता. आदल्या साली आम्ही आसपासच्या सगळ्या संघांना लोळवून फिरती ढाल जिंकली होती. ती ऑफिसातल्या कपाटात उभी होती. जिंकलेला संघ जसाच्या तसा ठेवावा, एवढी अक्कल काट्यावर बांधलेल्या बैलालासुद्धा असते. अधिकाऱ्यांच्या कमिटीला नव्हती. त्यांनी पहिल्या बैठकीत आमच्या म्हाताऱ्या कप्तानाला पंच करून टाकलं. सगळ्यांत लांब दमाचा गडी कोपरगावकडच्या एका कारखान्याने नवी सायकल देऊन नेला, तेव्हा कमिटी म्हणाली, जाऊ द्या, आपल्याकडे नवा माणूस येतोय.

नवा माणूस पुण्याचा होता. टाइम ऑफिसात लागला होता. हुतूतू तो शास्त्रशुद्ध खेळायचा म्हणे, आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून.

"बूट घालून हुतूतू," मास्तर कपाकडे बघत म्हणाले. "उद्या छत्री घेऊन विहिरीत पोहायला उतरेल."

"मास्तर, त्याला एकदा बघू तर द्या," मी म्हणालो.

"मी बघितला. भांग मोडू नये म्हणून तो मान वाकवत नाही. मान न वाकवता पट कुणाचा काढणार? तुमचा?"

तरीही आमचा जीव टिकून होता, कारण आमचा पकडीचा गडी अजून गेला नव्हता.

हा गडी पाथर्डीकडच्या कोरड्या मुलखातला. हंगामात तो गव्हाणीवर असायचा, म्हणजे उसाच्या मोळ्या उचलून चरकाकडे जाणाऱ्या पट्ट्यावर टाकायचा. दिवसभर मोळ्या, संध्याकाळी माणसं. समोरच्या संघाचा गडी हुतूतू करत आत आला की हा कोपऱ्यात असा उभा राहायचा जणू बस चुकलेली आहे. मग एकदम त्या माणसाचं मनगट किंवा घोटा त्याच्या हातात दिसायचा. ओढाताण नाही, आरडाओरडा नाही. तो फक्त धरून ठेवायचा, आणि तो माणूस हुतूतू करत करत विझून जायचा. मी चाळीस वर्षं हा खेळ बघतोय. तशी पकड पुन्हा दिसली नाही, आणि मला कुणी दिसली असं सांगितलं तर मी त्याच्याशी बोलत नाही.

अडचण एकच. तो हंगामी होता. गळीत संपलं की त्याला रजा, चाळीतली खोली रिकामी, आणि बायको नि दोन मुलींसह परत गावी. दरवर्षी तो विचारायचा, "भाऊसाहेब, औंदा तरी कायम करत्याल का?" दरवर्षी मी म्हणायचो, बघू. त्या साली मात्र पेरणी उरकून तो बायकोला घेऊन भर पावसाळ्यात आला आणि म्हणाला, "कोपरगावचं लोक येऊन गेलं. सायकल न्हाई, खोली देतो म्हन्त्यात. पोरीस्नी साळंत घालायचंय. मला आता जावं लागंल."

हे मी हॉटेलात सांगितलं तेव्हा मास्तरांनी कप खाली ठेवला. भरलेला कप मास्तरांनी खाली ठेवल्याचं हॉटेलवाल्याला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅनेजरसाहेबांकडे गेलो. मास्तर पुढे, आम्ही चारपाच कारकून मागे, सगळ्यांच्या डोक्यावर धुतलेल्या टोप्या. साहेब मोठे कामसू. हुतूतूत त्यांना रस नव्हता. ढाल कपाटात जागा खाते, अशी त्यांची एक तक्रार आम्ही ऐकून होतो. म्हणून मास्तरांनी खेळाचं अवाक्षर न काढता माणसाचं वर्णन करायचं ठरवलं होतं. ते वर्णन मी जन्मात विसरणार नाही.

"साहेब," मास्तर म्हणाले, "या माणसाच्या हाताला माणूस लागला की संपलं. वळवळू दे, तेल चोपडून येऊ दे, दोघे मिळून येऊ देत."

साहेब कागद बघत होते. त्यांनी मान वर केली. "दोघे?"

"दोन हात आहेत ना, साहेब."

"अंधारात?"

मास्तरांना आता रंग चढला होता. अंधारात हुतूतू खेळत नाहीत हे त्यांच्या ध्यानातून गेलं. "अंधारात तर जास्तच. नुसत्या पावलाच्या आवाजावर."

"आणि मारहाण वगैरे?"

"छे हो. ओरखडासुद्धा नाही. धरलेला माणूस रडतो, पण दुखलं म्हणून नव्हे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. असा माणूस आपल्याला ठाऊकच नव्हता, असं काहीसं पुटपुटले, आणि आमच्यासमोर हेडक्लार्कला बोलावून त्यांनी गड्याला कायम करायला सांगितलं. खोलीसकट.

आम्ही बाहेर आलो ते तरंगतच. मास्तरांना उचलावं असं दोघांना वाटलं, पण मास्तर उचलण्यासारखे नव्हते. हॉटेलात गूळ-शेंगदाणे वाटले. गडी आला, त्याने मास्तरांच्या पायाला हात लावला, आणि त्याची बायको हॉटेलाबाहेर उभी राहून पदराने डोळे टिपत होती. तो पावसाळा मी सुखात घालवला. असा पावसाळा पुन्हा आला नाही.

हंगामाच्या तोंडावर एके दुपारी मी फाटकातून आत शिरत होतो, तर खाकी कपड्यातल्या एकाने मला सलाम ठोकला. कमरेला पट्टा, डोक्याला पटका. आमचा गडी.

"हे काय रे?"

"सायबांनी हितं लावलं, भाऊसाहेब. साकर लई चोरीला जाती म्हनं. धोतराच्या निऱ्यात, डब्यात, पटक्यात. धरायला मानूस पायजे हुता."

"कुठली पाळी?"

"दुपारची. रातीपस्तोर."

सामने दिवस कलताना असत. मी तसाच शाळेत गेलो. मास्तर तेराचा पाढा घेत होते. मी खिडकीतून सांगितलं. पाढा तेरा पंचेपाशी थांबला आणि त्या वर्गाला त्यापुढचा पाढा कधी आला नसावा.

आम्ही पुन्हा टोप्या धुतल्या. पाळी बदलून द्या म्हणालो. साहेब म्हणाले, चोर दुपारच्या पाळीलाच बाहेर पडतात. बरं, निदान सामन्याच्या दिवशी सुट्टी? साहेब हसले. सामन्याच्या दिवशी गावोगावची माणसं कारखान्याच्या आवारात येणार, जाणार. त्याच दिवशी तो फाटकावर नसला तर मग कशाला ठेवायचा? या बोलण्यात चूक काढायला मी पुढे कितीतरी वर्षं खपलो. सापडली नाही.

गड्याला मात्र आमचं दुःख पोचत नव्हतं. मुली शाळेत जात होत्या. बायकोने खोलीसमोर तुळस लावली होती. मास्तर एकदा त्याला म्हणाले, "अरे, तुला खेळावंसं नाही वाटत?"

"वाटतं की, मास्तर. पन खेळ काय, कुटंबी खेळता येतो. खोली कुटं मिळती?"

मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "याला आपणच बुद्धी दिली."

हंगाम जसा गेला तसा गेला. पुण्याचा शास्त्रशुद्ध माणूस समोरच्याचे पाय सोडून त्याच्या तोंडाकडे बघायचा, ओळख काढत असल्यासारखा. तोवर तो माणूस स्पर्श करून परत गेलेला असायचा. पण आमच्या गटात दोन संघ आलेच नाहीत, त्यामुळे दुर्दैवाने आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. समोर नेवाशाचा संघ. आदल्या साली ज्यांना आम्ही रडवलं होतं तेच.

त्या संध्याकाळचं वर्णन मी करणार नाही. करायला काही नाहीच. नेवाशाचा एक सडपातळ, दात पुढे असलेला गडी आत यायचा, आमच्यातल्या एकदोघांना हात लावायचा आणि घरी निघाल्यासारखा परत जायचा. कुणी धरलंच नाही. एकदा आमच्या पुण्याच्या माणसाने झेप घेतली आणि आपल्याच माणसाला धरलं. ती त्याची हंगामातली सर्वांत घट्ट पकड होती. मध्यंतरात मी फाटकाकडे पळालो. गडी कुणाचातरी डबा उघडून बघत होता.

"काय सांगू," मी म्हणालो.

"सांगू नगा, भाऊसाहेब." त्याने डबा मिटून परत दिला. "ऐकलं की हात शिवशिवत्यात. हितं लोकं हायेत."

सामना संपला. साहेबांनी दोन शब्द बोलून ढाल नेवाशाच्या कप्तानाला दिली, आणि माझी खात्री आहे, कपाट मोकळं झालं म्हणून त्यांना बरंच वाटलं. नेवासेकरांनी ढाल घोंगडीत गुंडाळली, त्या दाताळ गड्याच्या डोक्यावर दिली आणि गुलाल उधळत फाटकाकडे निघाले. आम्ही मागे, मयताला चालल्यासारखे.

फाटकात मिरवणूक थांबली.

"घोंगडीत काय हाय?" आमच्या गड्याचा आवाज.

"ढाल हाय."

"कारखान्याची?"

"आमची. आत्ता जितलीय न्हवं."

"जितली आसंल. चिठ्ठी कुटं हाय?"

फाटकाचा नियम साधा होता. कारखान्याच्या ऑफिसातली कुठलीही वस्तू साहेबांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय बाहेर जाता कामा नये. खुर्ची नाही, पोतं नाही, टाचणी नाही. नेवासेकर आधी हसले, मग चिडले. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "आरं, सगळ्या मुलखानं बघितलंय."

"मी न्हाई बघितलं. मी हितं हुतो."

गर्दीत ढकलाढकली झाली, आणि तेवढ्यात त्या दाताळ गड्याने डोक्यावरच्या ढालीसकट खाली वाकून, संध्याकाळभर जसा निसटत होता तसा, गड्याच्या काखेखालून बाहेर सूर मारला.

तो गेला नाही. त्याचं मनगट आमच्या गड्याच्या हातात होतं. ओढाताण नाही, आरडाओरडा नाही. नेवाशाच्या पठ्ठ्याने एकदा झटका दिला, पिरगाळलं, पाय रोवले, मग थकून उभा राहिला. गड्याचं दुसऱ्या हाताने पुढच्या माणसाची पिशवी चाचपणं चाललंच होतं. मास्तरांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की तो निळा पडला. सगळा हंगाम आम्ही जे बघायला आलो होतो ते आम्हाला फाटकात दिसत होतं.

साहेबांना बोलावणं गेलं. ते आले, काय झालं ते ऐकलं, आणि गड्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरोबर केलंस. आणा, चिठ्ठी देतो." हेडक्लार्कने खिशातून कागद काढून दिला. साहेबांनी कोटाचे खिसे चाचपले. पेन ऑफिसात राहिलं होतं.

"कुणाकडे पेन आहे?"

आम्ही वीसबावीस कारकून उभे होतो. एकूण एकाच्या खिशाला पेन होतं. कुणी आकाशाकडे बघितलं, कुणी चपलेकडे. नेवाशाचा गडी धरलेला तसाच उभा. साहेबांची नजर एकेका खिशावरून फिरत फिरत मास्तरांपाशी आली. मास्तरांच्या खिशाला दोन होती, एक लाल आणि एक निळं. साहेब त्या दोन्हींकडे बघत राहिले. मास्तरांनी दोन्ही हात छातीशी घेतले आणि ज्या आवाजाने बैल कान टवकारत त्या आवाजात बोलून गेले:

"शाई संपलीय, साहेब. सगळ्यांचीच."