संस्थापकाच्या मृत्यूचं कलम

कायद्याच्या चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्यात वर्गातल्या बहुतेकांनी मोठ्या वकिलांच्या कचेऱ्या गाठल्या. मी चेन्नईतल्या एका छोट्या फंडात इंटर्नशिप घेतली. नफ्याबरोबर गावाचंही भलं होईल अशाच धंद्यांत हा फंड पैसे गुंतवायचा. गुंतवण्याआधी कंपनीची कागदपत्रं तपासावी लागतात, त्यासाठी त्यांनी मला कुंभकोणमला पाठवलं. "तुला तमिळ येत नाही, पण तिथल्या मॅडमना मराठी येतं," फंडाच्या वकीलबाई म्हणाल्या. मला ती थट्टा वाटली.

पापनाशमच्या रस्त्यावर एका जुन्या भातगिरणीच्या शेडमध्ये कंपनी होती. घड उतरवल्यावर शेतात पडून राहणारी केळीची खोडं आणायची, त्यांचा धागा काढायचा आणि चटया, पिशव्या विणायच्या. इन्नंबूर, तिरुवलंचुळी अशा आसपासच्या गावांहून बायका टाउन बसने कामाला यायच्या. दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. बोटांवर खोडाच्या चिकाचे काळे डाग.

"ये, भितरी ये," त्या म्हणाल्या. "ऊन कित्ती आहे बाहेर!"

त्यांचे पूर्वज मराठे राजांबरोबर तंजावरला आले आणि परत गेलेच नाहीत. त्यांची मराठी मला एखाद्या जुन्या बखरीतून आल्यासारखी वाटायची, माझी त्यांना टीव्हीतल्या बातम्यांसारखी. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले. पूर्वी त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, एक बहीण होती ती बंगळूरला. घरी मराठी कोणाशी बोलता, असं मी एकदा विचारलं.

"देवाशीं," त्या हसून म्हणाल्या. "तो उत्तर देत नाहीं, पण चुकाही काढत नाहीं."

दुपारी डब्यातला ताकभात माझ्या पानात वाढायच्या आणि म्हणायच्या, "तूं बोल गे. काहींही बोल. मज ऐकूं दे."

फंडाच्या कराराचा मसुदा आला, तेव्हा एकेक कलम त्यांना समजावून सांगणं हे माझं काम होतं. एका कलमात संस्थापकाने लिहून द्यायचं होतं की कंपनीच्या कामावर परिणाम होईल असं काही त्याला ठाऊक नाही आणि त्याने काही लपवलेलं नाही. त्याच्या खाली दुसरं होतं: संस्थापकाचा मृत्यू झाला किंवा तो काम करण्याच्या स्थितीत राहिला नाही, तर फंडाचे हक्क कोणते.

अक्कांनी चष्मा काढला. शेजारच्या टेबलावर हिशेबनीस बसला होता. तोवर आम्ही इंग्रजीत बोलत होतो. भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात त्या मराठीत म्हणाल्या, "पोरी, मेल्यावर काय होईल तें कळलें. मरतें आहे हें आधींच ठाऊक असलें, तर?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. बरा झालेला कर्करोग परत आला होता, आता यकृतात. तंजावरच्या डॉक्टरांनी काही महिनेच उरल्याचं सांगितलं होतं. "इथें कोणास ठाऊक नाहीं."

"अक्का, मी फंडाकडून आलेय. हे मला नका सांगू."

"सांगून झालें की."

"मग सहीच्या आधी हे तुम्हाला त्यांना सांगावं लागेल. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"लपवून सही केली नि मी गेलें, तर?"

"ते पैसे परत मागू शकतात. यंत्रंसुद्धा जातील. या बायका कोर्टाचे कागद हातात घेऊन बसतील."

"आणि सांगितलें, तर देतील?"

"माहीत नाही."

खरं तर मला अंदाज होता, त्यांनाही असावा. शेडकडे एक नजर टाकून त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "पुढचें कलम वाच."

पुढच्या आठवड्यात त्यांनी फंडाच्या प्रमुखांना व्हिडिओ कॉल लावला आणि मला शेजारी बसवून घेतलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. प्रमुखांनी आधी उपचार कुठे चालू आहेत, त्रास किती होतो, ते विचारलं. शेवटी, तुमच्यानंतर कोण, असं विचारलं. अक्कांनी तिरुवलंचुळीच्या मुकादमीणबाईंचं नाव घेतलं. त्या धागा ओढायला आल्या होत्या आणि आता अर्धी शेड चालवत होत्या. पण शाळा लवकर सुटलेली, इंग्रजी येत नव्हतं. गुंतवणूक ठरवणाऱ्या समितीशी बोलतो, असं म्हणून प्रमुखांनी कॉल संपवला.

"चांगला मनुष्य," अक्का म्हणाल्या. "आधीं माझी प्रकृती विचारली."

त्याच दुपारी त्यांनी बायकांना गोळा केलं. त्या तमिळमध्ये बोलल्या, मला शब्द कळले नाहीत. यंत्रं बंद झाली. मुकादमीणबाई रडल्या नाहीत. त्या संतापून ओरडत सुटल्या, आणि अक्का मान खाली घालून ऐकत राहिल्या. आपल्याला आधी का सांगितलं नाही, हे विचारत होत्या, असं हिशेबनिसाने मला नंतर सांगितलं.

माझ्या अहवालात मी लिहिलं, की निदान थोडी रक्कम द्यावी आणि मुकादमीणबाईंच्या हाताखाली एक व्यवस्थापक नेमावा. अहवाल चांगला झाला असं वकीलबाई म्हणाल्या. समितीने तूर्त थांबायचं ठरवलं.

निघताना मी नको म्हणत असतानाही अक्का स्टेशनवर आल्या. "रविवारीं फोन करीत जा," त्या म्हणाल्या. "दुखणें सारें तमिळांत चाललें आहे. थोडें मराठींत बोलूं दे."

मी करत राहिले. वाक्यं लहान होत गेली. पुढे नुसताच त्यांचा श्वास ऐकू यायचा आणि मी कॉलेजातलं काहीबाही सांगत बसायचे. जानेवारीत, पोंगलच्या सणाआधी एका रविवारी फोन बहिणीने उचलला, तेव्हा ती काही बोलायच्या आधीच मला कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी कुंभकोणमला गेले. शेडमध्ये कोंड्याची पोती रचली होती. फंडाचे पैसे कधी आलेच नव्हते; यंत्रं विकली गेली होती आणि बायका रोजगारासाठी कुठे कुठे पांगल्या होत्या. बंगळूरहून आलेली अक्कांची बहीण मला तिरुवलंचुळीला मुकादमीणबाईंकडे घेऊन गेली. अंगणात एका मागावर त्या अजून चटया विणत होत्या. त्यांनी कॉफी दिली आणि माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं.

बहीण मराठीत म्हणाली, "अक्का गप्प राहिली असती, तर शेड राहिली असती का, असें पुसते आहे."

"काही दिवस राहिली असती," मी म्हणाले.

बहिणीने ते तमिळमध्ये सांगितलं. मुकादमीणबाईंनी मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. मग बहिणीमार्फत काही न बोलता माझा हात धरून मला शेजारी बसवून घेतलं. परतीची बस येईपर्यंत आम्ही तिघी तशाच बसून होतो.