शांतामावशींची भाकरी का मोडली

परवा मंगळवारी भर दुपारी हॉटेलचं शटर ओढलं आणि तळेगाव ढमढेरेला गेलो. शांतामावशींच्या घरी... माफी मागायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुणे-नगर रोडवर, शिरूरच्या अलीकडे माझं छोटं हॉटेल आहे आणि तिथं अकरा वर्षं भाकऱ्या मावशीच करायच्या. लोक आमच्याकडे मटणाला येतात असं मला वाटायचं. खरं तर ते भाकरीला यायचे, हे आता रिकाम्या टेबलांकडे बघून कळतंय.

वर्षभरापूर्वी समोरच एक नवीन हॉटेल उघडलं. बैलगाडीचा सेल्फी पॉइंट, मडक्यातून ओतायचं चीज, भाकरीचा पिझ्झा... मिसळीवर आइस्क्रीमचा गोळासुद्धा! माणसं दोन घास खाऊन बाकीचं टाकून द्यायची, पण गाड्या तिकडंच थांबायच्या.

मग मलाही शहाणपण सुचलं. 'चीज लाव्हा भाकरी' मेनूत आणली. जुना आचारी वैतागून निघून गेला, नवीन आला तो व्हिडिओ बघून शिकलेला... त्याला साधी फोडणी करपवल्याशिवाय जमेना. मी दिवसभर मोबाइलमध्ये. त्या नादात दर दोन दिवसांनी बाजरी गिरणीत पाठवायची सोडली आणि महिन्याचं पीठ एकदम आणून टाकलं.

बाजरीचं पीठ महिनाभर टिकत नाही. ते कडू होतं आणि त्याची विरी जाते... म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापतानाच फाटते. आमच्याकडं हे पोरीसोरींनाही माहीत असतं. हॉटेलमालक म्हणवणाऱ्या मला मात्र ते लक्षात घ्यायचं नव्हतं.

मावशी तीनदा म्हणाल्या, "भाऊ, पिठाची विरी गेलीया. ताजं दळून आणा." मी दर वेळी 'बघू' म्हणालो. मग त्यांनी शेगडीशेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवायला सुरुवात केली. उकळत्या पाण्यात भिजवलं की जुनं पीठही कसंबसं धरून राहतं. माझी चूक त्या रोज बोटं पोळून घेऊन झाकत होत्या.

आणि एका रविवारी रील करणारी मंडळी आली. पुण्याहून एक मुलगा आणि एक मुलगी, मीच बोलावलेली. मावशी रविवारी चर्चमधली उपासना आटपून यायच्या, पण त्या दिवशी मी त्यांना उपासना चुकवायला लावली. बाहेर खास चूल मांडली होती... फक्त दाखवायला. रोजच्या भाकऱ्या आत गॅसवरच व्हायच्या. मावशींनी उकळत्या पाण्याचं पातेलं आतून आणून चुलीशेजारी ठेवलं.

मुलगा म्हणाला, "दादा, ते पातेलं काढा ना फ्रेममधून, लेन्सवर वाफ येतीये." मी लगेच पातेलं उचललं. त्या जागी पितळी तांब्या ठेवला, गार पाण्याचा. छान दिसतो ना!

मावशी हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्या पाण्याबिगर न्हाई व्हायची." मी म्हणालो, "करा हो मावशी कशीतरी, दोन मिनिटांचं तर काम आहे."

पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना हातातच मोडली आणि अर्धी चुलीत पडली. मावशींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

आणि मी हसलो. पाहुण्यांसमोर लाज वाटली म्हणून असेल, पण हसलो. ते रील अजून फिरतंय, नीट ऐका... त्यात पहिलं हसणं माझं आहे.

'चुलीवरच्या आजीचा पोपट' असं नाव देऊन त्यांनी ते टाकलं. खाली कमेंट्सचा पाऊस. 'नाचता येईना अंगण वाकडं', 'यापेक्षा आमची हॉस्टेलची मेस बरी'. मी एकालाही उत्तर दिलं नाही, कारण चार दिवस गर्दी वाढली होती. हे लिहिताना माझी मलाच किळस येतेय.

मावशी सोमवारपासून आल्याच नाहीत. कुणी विचारलं की मी 'वय झालं हो त्यांचं' म्हणायचो. गर्दी तर आठवड्यात ओसरली.

परवा गेलो तेव्हा त्या दारात बाजरी निवडत बसल्या होत्या. मला बघून आत गेल्या आणि तवा ठेवला. सकाळी दळलेलं पीठ, साधं गार पाणी... भाकरी टम्म फुगली. वांग्याच्या कालवणाबरोबर माझ्यापुढं ताट ठेवलं.

"मावशी, चुकलं माझं," मी कसंतरी म्हणालो.

"उपासनेला गेले तर बाया-पोरी मोबाइल बघून हसत व्हत्या," मावशी म्हणाल्या. "तवापास्नं मी पार मागच्या बाकावर बसते. प्रार्थना संपली की कुणाशी न बोलता निघते."

मी पुन्हा माफ करा म्हणालो. त्यांनी दुसरी भाकरी ताटात टाकली.

"हितं मला एकटीला सांगून काय व्हनार, भाऊ? कुनाची चूक व्हती ते मला ठावं हाय. जिथं लोकं हसली, तिथं सांगा की."

म्हणून हे लिहितोय. पीठ महिन्याचं होतं आणि ते मी आणलं होतं. गरम पाणी मी उचललं होतं. मावशींच्या हातात काडीचा दोष नव्हता.

त्या आता परत येणार नाहीत, तसं स्पष्ट सांगितलंय त्यांनी, आणि बरोबरच आहे त्यांचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते रील पुढं ढकललंय. ज्या ज्या ग्रुपवर टाकलंत तिथं हेही टाका... येत्या रविवारच्या आत मावशींच्या चर्चमधल्या कुणाच्या तरी मोबाइलवर हे पोचलं पाहिजे.