ड्रॉवरखालची जागा

“सून म्हायेरी गेली आन् वास बी गेला बघा. मशीन आपलं निमित्त.”

मम्मी हे गेटपाशी शेजारच्या काकूंना सांगत होती. मी वर गॅलरीत टॉवेल वाळत घालत होते. काकू हसल्या. मीही — खोटं कशाला सांगू — थोडी हसले. मग तोच टॉवेल उगाच दोनदा झटकला.

त्या वाक्यात खोटं काय आहे, हे साऱ्या जुन्नरात फक्त मला माहीत होतं. ही गोष्ट मी कुठे लिहिलेली नाही. मैत्रिणींना सांगितली नाही, डायरीतही नाही — आणि डायरी मी इंग्रजीत लिहिते, आमच्या घरात कुणी उघडली तरी वाचणार नाही. तरीही नाही. आज मराठीत लिहितेय. जिचं मी वाईट केलं तिला इंग्रजी येत नाही, म्हणून असेल.

वहिनी डिंभ्याच्या. त्यांच्या वडिलांची धरणालगत थोडी शेती आहे, आणि मासे धरायला एक होडी. दादा चाकणला कंपनीत असतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्याचं लग्न ठरलं तेव्हा वरची गॅलरीची खोली त्या दोघांना द्यायचं ठरलं. ती माझी होती. मला शेजारची लहान खोली मिळाली. मला विचारलं होतं का? विचारलं होतं. मी ‘चालेल’ म्हटलं होतं. माझं सगळं असंच असतं — चालेल.

पण दुःख खोलीचं नव्हतं. खोलीचं असतं तर सोपं होतं.

दुःख पप्पांचं होतं. पप्पांनी मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं, दहा वर्षं रोज स्कूटरवर सोडलं. पाहुणे आले की मला हाक मारायचे, इंग्लिशमध्ये काहीतरी बोलून दाखव. मी बोलायची, पाहुणे मान डोलवायचे, पप्पा खूश. त्यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नाही. मार्क किती, फॉर्म भरला का, स्वेटर घेतला का. मला वाटायचं, बापलेकीत एवढंच असतं. मग वहिनी आल्या. दीड महिन्यात पप्पा संध्याकाळी पायरीवर बसून त्यांच्याशी कांद्याच्या रोपापासून उसातल्या बिबट्यापर्यंत काय काय बोलायला लागले. “लई शाणी हाय गं तू,” म्हणायचे आणि मांडीवर थाप मारून हसायचे. पप्पा असे हसतात, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं. मी जिन्यात बसून ऐकायची. खाली जाऊन बसता आलं नसतं? कुणी अडवलं होतं? पण मी जाऊन बसले की त्यांचं बोलणं शुद्ध व्हायचं, आणि संपायचं.

वहिनींना सहावा लागला तेव्हा त्यांना आईच्या हातच्या माशाच्या कालवणाचे डोहाळे लागले. आमच्या मम्मीच्या गळ्यात माळ आहे. घरात अंडंसुद्धा येत नाही. माझ्या वाढदिवसाचा केकसुद्धा ती दुकानदाराला दोनदा विचारून घेते. पण डोहाळे म्हटल्यावर तिने हरकत घेतली नाही. पोटुशीचा डोहाळा राहिला तर पोराचा कान फुटतो, म्हणाली, आणि मागच्या अंगणात वेगळं ताट, वेगळी वाटी काढून ठेवली. आणि पप्पा — ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने पाणी घेतलं नाही — ते बाजारातून लिंबं आणि कोथिंबीर घेऊन आले.

डिंभ्याहून आमच्याकडे काही पाठवायचं तर जीपवाल्याकडे देतात. तो स्टँडजवळच्या रसवंतीच्या बाकावर सामान उतरवतो आणि निघून जातो, ज्याचं त्याने येऊन न्यायचं. डबा आणायचं काम माझ्याकडे आलं. पप्पांनी दोनदा फोन केला. आडवा करू नको. उन्हात ठेवू नको. मी वर्षभर पुण्याला होस्टेलवर होते, तेव्हा एका दिवसात दोन फोन कधी आले नव्हते.

डबा बाकावर होता. फडक्यात बांधलेला, गाठीत चिठ्ठी. मी तो सॅकमध्ये उभा ठेवला. जपून आणला — हेही सांगते, कारण तोवर माझ्या मनात काही नव्हतं. गेटातून आत आले तर पप्पा पायरीवर कोथिंबीर निवडत होते आणि त्यांच्या निवडण्याला वहिनी हसत होत्या. पप्पांनी मान वर केली.

ऊन किती, चालत आलीस का — काही नाही. “आला का डबा?”

मी म्हटलं, “नाही.”

एक दिवस. मला फक्त एक दिवस हवा होता, ज्या दिवशी त्यांना हवं ते मिळालेलं नसेल. सकाळी मी पुन्हा रसवंतीवर जाणार होते आणि डबा ‘सापडणार’ होता. तोवर ठेवायचा कुठे? माझं कपाट मम्मी आवरते. पण माझ्या जुन्या खोलीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, की त्याखाली वीतभर पोकळ जागा आहे. शाळेत असताना मी तिथे प्रगतिपुस्तक लपवायची. वहिनी अजून खालीच होत्या. मला दोन मिनिटं पुरली.

खाली आले तेव्हा त्या आईला फोनवर सांगत होत्या, “जाऊ दे गं. कुनाच्या तरी पोटात गेलं आसंल. वाया तर न्हाई गेलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना रक्त दिसलं. डॉक्टरांनी सांगितलं, बाळ ठीक आहे, पण उठायचं नाही. झोपून राहायचं — म्हणजे त्याच खोलीत, त्याच कपाटासमोर. त्या बाथरूमला गेल्या असताना मी दोनदा आत शिरले. एकदा ड्रॉवर अर्धा निघाला. एकदा मम्मी जिन्यावर आली. तेव्हाच सांगितलं असतं तर? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर वेडेपणा म्हणून हसून सोडून दिलं असतं सगळ्यांनी. मला तेच नको होतं — हसणं.

मे महिना होता. चौथ्या दिवशी वास सुटला.

आधी सगळ्यांना उंदीर मेला असं वाटलं. पलंग हलवला, कपाटातले कपडे काढले, ड्रॉवर उघडून पाहिले. पूर्ण बाहेर कोण ओढतं? उंदीर सापडला नाही, आणि वास तर सरळ मासळीचा होता. मग मम्मीने वहिनींच्या माहेरच्या बॅगेला हात घातला. त्या पडूनच होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर बॅग पलंगावर उपडी झाली — ब्लाउज, फणी, बाळासाठी शिवलेली तीन दुपटी. “सुकट-बिकट ठिवलीस का गं? सांग, मी रागवत न्हाई.” वहिनी नाही म्हणाल्या. मी दारात उभी होते. मम्मी म्हणाली, मग तुझ्या अंगालाच हाय का काय.

त्या दिवसापासून वहिनी स्वतःचे हात हुंगायला लागल्या. डॉक्टर उठू नका म्हणत असताना दिवसातून दोनदा केस धुवायच्या. वासाने उलट्या व्हायच्या, पोटात काही ठरायचं नाही. पप्पा वर यायचे थांबले. संध्याकाळी पायरीवर एकटेच बसायचे. एकदा मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी मला माझ्या ऑफिसचं काहीतरी विचारलं, मी सांगितलं, ते ऐकत राहिले — आणि मला बरं वाटलं. वर ती बाई ओकत होती आणि मला बरं वाटलं. हे एक वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शेवटी इथे राहणंच शक्य नाही म्हणून त्यांना डिंभ्याला न्यायचं ठरलं. जीपचे धक्के नकोत असं डॉक्टर म्हणत होते. वहिनींचे वडील मागच्या सीटवर गादी घालून आले. पाणी घेतलं नाही. मम्मीपुढे हात जोडून म्हणाले, आमच्या पोरीमुळं तुमच्या घराला तरास झाला. आणि मी? मी वहिनींची उशी जीपमध्ये ठेवली.

त्याच दुपारी मी डबा काढला, चार पिशव्यांत बांधला आणि घंटागाडीत टाकला. वास मात्र प्लायवूडमध्ये मुरला होता, गादीत होता, पडद्यात होता. दादाने शोधून पुण्याहून एका माणसाला बोलावलं. तो सुटकेसएवढं मशीन घेऊन आला. खोली बंद करून आत गॅस सोडायचा, काही तास कुणी फिरकायचं नाही, मग दारं-खिडक्या उघडायच्या. सुरू करण्याआधी तो म्हणाला, मशीन वास मारतं, वासाचं मूळ मारत नाही, मूळ राहिलं तर आठवड्यात परत येईल. आणि त्याने गुडघ्यावर बसून कपाटाचे ड्रॉवर एकेक करून पूर्ण बाहेर ओढले. त्याचं ते रोजचंच काम असणार.

खाली प्लायवूडवर डब्याच्या बुडाएवढं गोल, तेलकट वळं होतं.

मम्मीने ते पाहिलं. ‘इथं लपवलं व्हतं तर’ एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “ही खोली तुझी व्हती. तुला ठाव व्हतं का गं, खाली आशी जागा हाय?”

मी म्हटलं, “नाही.”

त्या माणसाने वळं घासून काढलं, खिडक्यांना टेप लावली, दार ओढून घेतलं. संध्याकाळी खोलीला झेरॉक्सच्या दुकानासारखा वास येत होता, सकाळी तोही नव्हता. मम्मी काकूंना गेटपाशी जे म्हणाली ते त्या सकाळी.

बाळ नीट झालं. तीन महिन्यांनी वहिनी परत आल्या, आणि खोलीच्या उंबऱ्यावर थांबून त्यांनी मला हळूच विचारलं, ताई, येतो का वास? मी नाही म्हटलं. ड्रॉवरखालच्या वळ्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या अजून विचारतात. कुणी पाहुणा आला की आधी बाळाला साबणाने पुसतात. त्यांची आई नातवाला बघायला येते ती गेटाजवळच बसते, हातात कधी डबा नसतो. पप्पा पायरीवर असले तर वहिनी चार पायऱ्या सोडून बसतात. हसतात, पण तोंडावर पदर धरून. मी तसं करायला सांगितलं नव्हतं. पण केलं कुणी?

गेल्या रविवारी बाळाचा कान वाहायला लागला. दहा महिन्यांच्या मुलांचे कान वाहतात, डॉक्टरांनी थेंब दिले, मला त्यात काही विशेष वाटलं नाही. वहिनींनी त्याचं डोकं मांडीवर आडवं धरलं होतं, मी थेंब सोडत होते. पप्पा पायरीवर पेपर वाचत होते, मम्मी दारात तांदूळ निवडत होती. वहिनी — मम्मीला त्या आत्या म्हणतात — बाळाकडे बघत म्हणाल्या, “आत्या म्हनत्यात त्ये कान फुटायचं खरं आसंल, ताई. त्या कालवनाचा डोहाळा तेवढा राह्यला माझा. आन् वरनं घरभर वास झाला, त्यो कसला व्हता, मला अजून कळलं न्हाई. माझाच आसंल.”

त्यांनी ते गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांना तसंच वाटत होतं.

मी बाटलीचं झाकण लावलं. आणि पप्पांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, “वहिनी, डबा आला होता. मीच आणला, आणि मीच तुमच्या ड्रॉवरखाली लपवला.”