आज भांडण बंद

"आज भांडण बंद. उद्या या."

कॅनडातल्या कनाटा गावी आमच्या टेलिकॉम कंपनीतला माझा एक सहकारी हे वर्षातून एकदाच म्हणायचा, ऑक्टोबरात. तो मोझांबिकचा. तिकडचं यादवी युद्ध संपलं त्या दिवसाची, शांतीदिनाची, तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. इथे कोण देतंय सुट्टी? मग हा ऑफिसात येऊनच पाळायचा. एकदा मॅनेजर एका बगवरून तावातावाने बोलायला लागला, तर हा नुसता हसत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच त्याच्या केबिनमध्ये हजर. "हं, बोला. कालचं भांडण." मॅनेजर बिचारा विसरूनही गेला होता.

एका वर्षी तो दिवस शनिवारी आला आणि त्याने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. मी बायकोला म्हटलं, "त्याच्याकडे शांतीचा कार्यक्रम आहे." त्याने नुकतंच टाउनहाउस घेतलेलं. झालं! हिने ठरवून टाकलं की वास्तुशांतच. नारळ, ब्लाउजपीस घेऊन निघाली आणि दारातच त्याला इंग्रजीत विचारलं, "गुरुजी आले का?" तो नारळ बघूनच खूश. तिथल्या तिथे फोडला, वाटला आणि कोंबडीच्या रश्श्यात घातला. आम्ही पडलो शाकाहारी. आमचा आहेर आमच्या डोळ्यांदेखत कोंबडीत गेला, आणि आम्ही भात-कोबी खाल्ला.

जेवण झाल्यावर तो फोन घेऊन बसला. त्याच्या बायकोने हळूच सांगितलं, धाकटा भाऊ युद्धात दुसऱ्या बाजूने लढला, तेव्हापासून अबोला. हा दरवर्षी या दिवशी फोन करतो, भाऊ याचा आवाज ऐकला की ठेवून देतो.

त्या दिवशी मात्र भावाने फोन ठेवला नाही. पलीकडून आरडाओरडा ऐकू आला, आणि आमचा शांतीदूत उठून उभा राहून त्याच्या भाषेत असा काही तडकला की विचारू नका. त्याची बायको डोळे पुसत हसत होती.

"काय झालं?" मी घाबरून तिला विचारलं.

"वडिलांची सायकल कोणी विकली, त्यावरून चाललंय."

फोन ठेवला तेव्हा त्याचा घसा बसला होता. "भांडला माझ्याशी," एवढंच म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

पुढच्या उन्हाळ्यात नोकरी सोडून, घर विकून नवराबायको कायमची मोझांबिकला परत गेली. ऑफिसात मला करमेनासं झालं. विमानतळावर मी न राहवून म्हटलं होतं, "अरे, भावाशी फोनवर बोलतोस ना आता रोज? मग सगळं सोडून कशाला जातोस?"

"फोनवर नीट भांडता येत नाही रे," तो म्हणाला.