सीताफळाच्या बिया आणि बिनदाराचं घर

काल नगरला नातीकडे होतो. तिला पाचवा महिना आहे. शाम्पूची बाटली माझ्यापुढे धरून म्हणाली, "आजोबा, नॅचरल लिहिलंय. म्हणजे चालेल ना?"

मला एकदम एक पितळी वाटी आठवली...

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. शनिशिंगणापुरात मास्तर होतो. घराला चौकट होती, दार नव्हतं. गावात कुणाच्याच घराला नव्हतं.

दिवाळी झाली आणि बायकोला सहावा महिना लागला. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे आम्ही दोघं जपूनच होतो. अशात माहेरच्या लग्नाहून ती डोक्यात उवा घेऊन आली. लांब, दाट केस... वर्गात मी कवितांमधल्या केसांवरच्या ओळी फार रंगवून शिकवायचो. ऊ त्यात कुठंच नव्हती.

तेव्हा लोक सर्रास डीडीटी पावडर डोक्यात घालून वर फडकं बांधत. मी ठाम नाही म्हटलं; विषच ते. त्यापेक्षा आपलं गावठी काय वाईट? सीताफळाच्या बिया वाळवल्या, पाट्यावर स्वतः वाटल्या, पितळी वाटीत खोबरेल घेऊन त्यात कालवल्या. स्वतःवर बेहद्द खूश होतो.

ही केस सोडून पाटावर बसली, तेवढ्यात शेजारची राहीआत्या आत आली. गावची सुईण. हाक मारून येण्याची रीत तिला नव्हतीच. वाटी हुंगून तिनं विचारलं, हे कशाचं? मी अभिमानानं सांगितलं.

"गुरुजी, याच बियांनी बाया पोट पाडत्यात," ती म्हणाली. आवाज जराही चढवला नाही. "आन् तुमी हिच्या डोक्याला लावाय निघालाय."

वाटी उकिरड्यावर रिकामी झाली. ही पोटावर हात ठेवून बसून राहिली... माझ्याकडे बघेना.

आत्यानं घरून लाकडी फणी आणून दिली. साधं खोबरेल आणि रोज फणी, दुसरं काही नको म्हणाली. तिला स्वतःला आता लिखा दिसत नव्हत्या. "तुमाला बारीक अक्षार दिसतं न्हवं? मग बसा."

बसलो. रोज शाळा सुटली की उंबऱ्याशी, उजेड असेपर्यंत. नवरा बायकोच्या उवा काढतोय हे अख्ख्या आळीला दिसायचं. येता-जाता बाया विचारत, "गुरुजी, आज कुठला धडा?" मी कविता म्हणत फणी फिरवायचो. ही म्हणे, चाल चुकली तरी चालेल, कानामागचं सोडू नका.

तीनेक आठवड्यांत डोकं निर्मळ झालं. माघात मुलगी झाली... या नातीची आई.

नातीला एवढंच म्हटलं, सीताफळही नॅचरलच होतं गं, डॉक्टरीणबाईंना विचार. तिनं बाटलीचा फोटो काढून लगेच त्यांना पाठवला.

राहीआत्या जाऊन कैक वर्षं झाली. एक गोष्ट तिलाही सांगितली नव्हती. बायकोच्या डोक्याला तेल लावताना कुणी बघेल, या लाजेनं त्या दुपारी मी नुसत्या चौकटीकडे दोनदा पाहिलं होतं. दार असतं, तर मी आतून कडी नक्की लावली असती...