झोळीत टाकलेली गोळ्यांची पट्टी

नेत्रावती दिवसभर उभी असते, याची मला भीती वाटते. माझी थोरली मुलगी सरकारी बसमध्ये कंडक्टर आहे, हुमनाबाद ते कलबुर्गी. कंडक्टरला उभंच राहावं लागतं, हे मला सात वर्षांपासून माहीत आहे. पण अलीकडे डोळे मिटले की ती मला दारातल्या पायरीवर उभी दिसते. बस वळण घेते आणि तिच्या हातातला दांडा सुटतो. मनाच्या आजारावरची तिची शेवटची गोळी बंद होऊन आज अठरा दिवस झाले. ती म्हणते ठीक आहे. पलीकडच्या खोलीत ती झोपली आहे आणि मी जागी आहे.

आम्ही कर्नाटकातल्या चिटगुप्प्याचे. माझे यजमान निंगप्पा तुरीचा व्यापार करतात. मी उदगीरच्या कॉलेजात शिकले, म्हणून हे मराठीत लिहिते. नेत्रा कन्नड शाळेत शिकली. हे वाचायला तिला वेळ लागेल, तेवढंच बरं.

कर्नाटकाच्या बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाल्यापासून तिच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि प्रत्येक बाईचं कार्ड बघून शून्याचं तिकीट फाडावंच लागतं. एकदा मीही त्या बसमध्ये होते. एक म्हातारी कार्ड काढेना. ती म्हणाली, "माझ्या तोंडाकडं बघ की. मी बाप्या दिसायलेय व्हय?"

"बाप्या न्हाई दिसत आज्जी," नेत्रा म्हणाली, "पण कर्नाटकाची हायस का महाराष्ट्राची, ते तोंडावरनं कसं कळावं?"

सगळी बस हसली, म्हातारीही हसली, आणि पिशवीतून दुमडलेलं कार्ड निघालं.

अशी पोरगी तीन वर्षांपूर्वी बोलायची थांबली. जेवेना, झोपेना, ड्युटीवरून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. काय झालं, असं लोक विचारायचे. काही झालं असतं तर सांगितलं असतं. शेवटी तिच्या बसचे ड्रायव्हर राजपालअण्णा आमच्याकडे आले. त्यांच्या बहिणीला असंच झालं होतं. त्यांनी कलबुर्गीच्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-अडीच महिन्यांत माझी पोरगी मला परत मिळाली.

त्यानंतर मी गप्प बसायला हवं होतं. पण ती बरी दिसू लागली तशी मी तिच्यामागे लागले. किती दिवस खाणार, सवय लागेल, उद्या लग्न ठरलं तर काय सांगायचं. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी.

आमच्या मठात श्रावणभर प्रवचन असतं. शेवटच्या दिवशी स्वामीजी झोळी घेऊन लोकांमधून फिरतात. ते धान्य मागत नाहीत, पैसेही मागत नाहीत. तुमचं व्यसन माझ्या झोळीत टाका, म्हणतात. मग कोणी गुटख्याच्या पुड्या टाकतं, कोणी बिड्यांचं बंडल, कोणी कमरेची बाटली, आणि विभूती लावून पुन्हा शिवणार नाही अशी शपथ घेतं. या झोळीनं खरोखर सुधारलेली घरं मी पाहिली आहेत. गेल्या वर्षी झोळी बायकांच्या रांगेत आली, तेव्हा नेत्रानं पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि आत टाकली. मी तिला ढकललं नव्हतं. पण तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली.

मठाची व्यवस्था बघणाऱ्या जगदेवप्पांनी ते माईकवरून सांगितलं. टाळ्या पडल्या. मला रडू आलं, आनंदाचं.

तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात करंट सुरू झाले. तिचाच शब्द आहे तो. नजर डावीकडून उजवीकडे नेली की कवटीच्या आत चटका बसल्यासारखं व्हायचं आणि क्षणभर जमीन हलायची. मळमळ, घाम, रात्रभर विचित्र स्वप्नं. मान सारखी वळवून कोण चढलं, कोण राहिलं हे बघणं हेच ज्या बाईचं काम, तिला हे व्हावं. मी म्हणाले, आजार उलटला असेल, नाहीतर शपथेची परीक्षा असेल. चाळीस दिवस काढ. कपाळाला विभूती लावून मी तिला ड्युटीवर पाठवत राहिले. हेही लिहायलाच हवं.

अकराव्या दिवशी कमलापूरच्या वळणावर ती मागच्या सीटकडे वळली आणि खालीच बसली. राजपालअण्णांनी बस कडेला घेतली. पाणी दिलं आणि विचारलं, गोळी चालू आहे ना? तिनं झोळीचं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी कलबुर्गीपर्यंत बस हळू चालवली, आणि ती फेरी संपल्यावर नेत्रा एकटीच डॉक्टरबाईंकडे गेली. मला न विचारता, मला न सांगता.

संध्याकाळी घरी येऊन तिनं नवी पट्टी देव्हाऱ्यापुढे ठेवली. लपवून नाही, समोर.

"अव्वा, हे व्यसन न्हाई," ती म्हणाली. "आजार उलटला असंबी न्हाई. अंगाला औषधाची सवय झालेली असती, एकदम तोडलं की अंग असं करतंय. डॉक्टरबाई म्हनल्या, सोडायचं असंल तर सोडू, पण पायरी-पायरीनं. आता आधी पहिल्यासारखी घेणार. शपथ मोडली म्हणून तू मला काय म्हणायचं ते म्हण."

मी एवढंच म्हणाले, लोकांना कळू देऊ नकोस. ती हो म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली.

पुढचं जवळजवळ वर्ष मी जवळून पाहिलं. पहिले दोन महिने काहीच कमी केलं नाही. चार दिवसांत करंट थांबले, तेव्हा मला पटलं. मग थोडी कमी ताकदीची गोळी, मग पाच-सहा आठवडे तिथेच, मग आणखी कमी. डॉक्टरबाईंनी वही ठेवायला सांगितली होती. लिहायचं काम मी मागून घेतलं. झोप किती, करंट किती वेळा, जेवण, राग. वेळ अमावस्येच्या सणाला शेताची पूजा करून आम्ही तिथेच जेवायला बसलो होतो, तेव्हा भज्जीच्या मिसळ भाजीत मीठ जास्त झालं या कारणावरून तिनं ताट सरकवलं आणि तुरीच्या ओळींमधून निघून गेली. पाहुणे बघत राहिले. घरी येऊन मी वहीत 'राग' लिहिलं. तिनं माझ्या हातातून पेन घेऊन पुढे कन्नडमध्ये लिहिलं, 'पण मीठ खरंच जास्त होतं.'

एकदा एक पायरी फार लवकर उतरली गेली. पुन्हा चक्कर, पुन्हा रडू. मला वाटलं ती हरली. तिनं डॉक्टरबाईंना फोन केला, पुन्हा वरच्या पायरीवर गेली आणि दीड महिना तिथे थांबली. मी विचारलं, वाईट वाटत नाही का? ती म्हणाली, घाटात गाडी चढंना झाली की राजपालअण्णा गियर खाली घेतात, त्यांना कुठं वाईट वाटतंय. शेवटच्या पायऱ्या सर्वांत अवघड होत्या. अगदी थोडंसं औषध उरलं होतं आणि तेच सुटत नव्हतं. या सगळ्या काळात तिनं नऊ रजा घेतल्या. त्यातल्या चार तिच्या भावाच्या लग्नाच्या होत्या.

मी बी.ए. झालेली बाई. गावात लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. पण स्वतःच्या अंगाचं ऐकायचं, न कळलेलं विचारायचं आणि पुन्हा मागे जावं लागलं तरी मान खाली घालायची नाही, हे मी माझ्या मुलीकडून शिकले.

आज दुपारी जगदेवप्पा घरी आले. रविवारी झोळीचा कार्यक्रम आहे. वर्षभर शपथ पाळणाऱ्यांचा सत्कार करायचा आहे, त्यात नेत्राचं नाव पहिलं. गोळ्यांचं व्यसन टाकणारी गावातली पहिली मुलगी, असं त्यांनी पत्रिकेत घातलं आहे. शेजारची रत्नम्मा तिथेच बसली होती. तिची सून सुधारानी बाळंतपणानंतर तशाच गोळ्या घेते. रत्नम्मा म्हणाली, "आमच्या सुधालाबी रविवारी आणतो बगा. तुमच्या नेत्रानं सोडलं, मग हिला काय झालं?"

मी चहा करायला म्हणून उठून आत गेले.

जेवताना नेत्राला सगळं सांगितलं. बसवकल्याणचं एक स्थळ चालू आहे, ती माणसं रविवारी मठात येणार आहेत, हे तिलाही माहीत आहे.

"मी जाते स्टेजवर," ती म्हणाली. "पण गेले तर खरं सांगणार. शपथ मोडली, गोळी परत घेतली, डॉक्टरला विचारून हळूहळू सोडली. तुला चालत न्हाई तर मी जात न्हाई, ड्युटी लावून घेते. पण सुधानं पट्टी टाकली तर मला झोप लागायची न्हाई अव्वा. त्या करंटचं मला माहीत हाय. तिच्या मांडीवर तर लेकरू हाय."

स्थळाचं काय, मी विचारलं.

"तिथंबी पोरगी हीच जाणार हाय की."

एवढं बोलून तिनं ताट उचललं, धुतलं आणि झोपायला गेली.

एक वर्ष मी ही गोष्ट झाकली आणि तिला त्या टाळ्यांखाली गप्प बसवलं. मला वाटायचं, झाकल्यानं तिची अब्रू राहते. अब्रू माझी होती. तिची तर त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे पट्टी ठेवली तेव्हाच राहिली होती.

सकाळी उठल्याबरोबर रत्नम्माच्या घरी जाईन. सुधारानीला जवळ बसवून सांगेन की मागच्या वर्षी मान मी हलवली होती, आणि तिनं तिच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही. रत्नम्मा काय म्हणेल ते म्हणू दे.

पण जगदेवप्पांचं काम सकाळपर्यंत ठेवायला नको. मंडपाचं काम चालू असल्यानं ते मठातच जागे असतील. त्यांना आत्ताच फोन करते. नेत्रावती येईल म्हणून सांगते, सत्काराला नाही, बोलायला. आणि स्वामीजी झोळी घेऊन उठायच्या आधी तिच्या हातात माईक द्या, एवढंच मागते.